थरथरता हात आणि ओतलेले रंग

‘डॉक्टर, हात थरथरतो, म्हणजे कंपवातच ना?’ हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येतो. आज त्याचे उत्तर जरा वेगळ्या वाटेने देतो, कारण गेली दोन वर्षे हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारीत होतो.

माझ्या वडिलांच्या हातातली कपबशी वाजत असे. पन्नाशी उलटल्यावर माझाही हात थरथरू लागला. औषधाची चिठ्ठी लिहिताना अक्षर हलू लागले, टाके घालताना सुई अडखळू लागली. टाक्यांचे रुग्ण मी गुपचूप दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवू लागलो. स्वतःची तपासणी मात्र टाळली. रुग्णांना ज्यासाठी रागावतो, तेच मी केले.

अखेर मुलीच्या आग्रहाने मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी हात पुढे धरायला लावले, चालवून पाहिले आणि कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी वळणे काढायला सांगितली. निदान झाले ‘इसेन्शियल ट्रेमर’. हा कंप पुष्कळदा घराण्यातून येतो.

दोहोंतला फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात काम करताना थरथरतो, म्हणजे पेला उचलताना, सही करताना. बहुधा दोन्ही हातांत असतो. कधी मान आणि आवाजही थरथरतो. कंपवातात हात मांडीवर स्वस्थ असतानाच हलतो, सुरुवात बहुधा एका बाजूने होते. हालचाली मंदावतात, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते. याखेरीज थायरॉईडचा विकार, दम्याची काही औषधे, मधुमेह्यांच्या रक्तातील साखर एकदम उतरणे, अति चहा-कॉफी, नित्याची दारू अचानक बंद होणे, यांनीही हात कापतात. म्हणून घरी बसून निदान करू नये.

यावर गोळ्या आहेत, पण त्यांतली नेहमीची एक, प्रोप्रॅनोलॉल, दम्याच्या रुग्णाला धोक्याची ठरते आणि ती अचानक बंद करणेही बरे नव्हे. शेजाऱ्याची गोळी म्हणूनच घेऊ नये.

आता रंगांकडे वळतो. शाळेत मी एलिमेंटरीची परीक्षा दिली होती. हात कापू लागल्यावर कुंचला ठेवून दिला होता. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, कुंचल्याने नाही, ओतून रंगवा.’’ जलरंगाची ही पद्धत मी प्रथमच ऐकली.

जाड, ३०० ग्रॅम वजनाचा कागद फळीवर चिकटवायचा. पेन्सिलीने चित्र काढायचे. जिथे पांढरे राखायचे तिथे ‘मास्किंग फ्लुइड’ नावाचे पातळ रबर लावायचे. ते वाळले की कागद ओला करून तांबडा, पिवळा आणि निळा असे पातळ केलेले रंग वेगवेगळ्या जागी ओतायचे. फळी दोन्ही हातांनी कलती करायची. रंग आपापली वाट काढतात. जादा रंग कोपऱ्यातून परातीत निथळू द्यायचा. पूर्ण वाळल्यावर फिकट भाग झाकून पुन्हा गडद रंग ओतायचा. शेवटी रबर बोटाने चोळून काढायचे.

मी जास्वंद घेतली. कोपर टेबलावर टेकून रबर लावले. पाकळीच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या. रंग ओतल्यावर फळी कलती केली आणि थक्क झालो. थरथर त्या मोठ्या हालचालीत विरून गेली. मात्र अधीर होऊन पहिला थर ओला असतानाच दुसरा ओतला. तिन्ही रंग एकत्र होऊन निम्म्या कागदावर चिखल झाला! ओले रबर ओढताना कागदही थोडा फाटला. पण उरलेल्या निम्म्या भागात दोन पाकळ्या अशा उजळल्या, की माझ्या धडधाकट हातालाही कधी तशा जमल्या नसत्या. त्या वाकड्या कडा तर अस्सल जास्वंदीच्या वाटत होत्या.

याने कंप बरा होत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने थरथर वाढते आणि मग माणूस चारचौघांत चहा घ्यायचेही टाळतो. नुकसान होते ते या आक्रसण्याने. जड पेला घ्या, जाड पेन वापरा, कोपर टेकवा, झोप पुरेशी घ्या. पण आवडते काम सोडू नका, त्याची रीत बदला.

हा छंद करणाऱ्यांनी चार पथ्ये पाळावीत. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात. कुंचला तोंडात धरू नये. रंगांच्या वाट्या वेगळ्या ठेवाव्यात. (मी आमटीच्या वाट्या घेतल्या. ‘‘अहो, आता यात जेवणार कोण?’’ हा घरचा प्रश्न रास्त होता!) मास्किंग फ्लुइडमध्ये बहुधा नैसर्गिक रबर आणि अमोनिया असतो; रबरी हातमोज्यांनी वा फुग्यांनी ज्यांना खाज सुटते त्यांनी ते टाळावे, दमेकऱ्यांनी खिडकी उघडी ठेवावी. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

हात थरथरत असेल तर महिनाभरात डॉक्टरांना दाखवा. थरथर एकाएकी सुरू झाली, किंवा सोबत अशक्तपणा वा बोलण्यात अडखळ असेल, तर त्याच दिवशी. मी दोन वर्षे भीतीत घालवली. आपण घालवू नयेत.

ती अर्धी जास्वंद आता दवाखान्यात लावली आहे. चिखलासकट.