फी भरण्याआधी तुकडी विचारा



परवा गट कार्यालयात एक सभासद मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी उचल मागायला आले. "सवलतीचा अर्ज केला का?" विचारलं, तर म्हणाले, "असलं काही असतं होय?"

बेणे पारखून घेणारे आपण, प्रवेश मात्र न पारखता घेतो. पहिला प्रश्न विचारावा : तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देते, म्हणून फी कमी. विनाअनुदानित तुकडीत तोच पगार पालकांच्या फीतून निघतो. राज्यात १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. जागा वाढल्या, पण खर्चाचा बोजा घरावर आला. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्चावी असे सुचविले होते. तो पल्ला अजून गाठलेला नाही. सरकारी पैसा आधी वर्गातल्या शिक्षकावर खर्च व्हावा, इमारत मागाहून.

२०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. खोलीभाडे आणि मेस आपल्याच खिशातून. तेव्हा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा, आणि उसाच्या बिलातून मेसचे पैसे आधी बाजूला ठेवा.