गुलखैरू

मुलांनो, धाराशिव जिल्ह्यातील वाशी भागात पाऊस बेताचाच पडतो. पाणी जपून वापरावे लागते. मग अंगणात फुले लावायची की नाही? लावायची! त्यासाठी गुलखैरूचे बी आणा. उर्दूतले हे नाव तुम्ही ऐकले असेल. रोपवाटिकेत याला हॉलीहॉक म्हणतात. भेंडी, कापूस आणि जास्वंद ही याच कुळातील झाडे.

पावसाळा सरला, की ऑक्टोबरात बी पेरा. काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून तिच्यात थोडी वाळू आणि शेणखत मिसळा. बी १ सेंटिमीटर खोल टाका. दोन बियांत हातभर अंतर ठेवा. साधारण २ आठवड्यांत कोंब येतात. याचे मूळ सरळ खोल जाते. मोठे रोप उपटून दुसरीकडे लावले, तर ते मूळ तुटते. म्हणून बी जागेवरच पेरावे.

भाजी धुतलेले पाणी फेकू नका; ते रोपाच्या बुडाशी घाला. पाने भिजवू नका. ओल्या पानांवर तांबेरा पडतो. अशी पाने लगेच तोडा.

थंडी संपताना झाड तुमच्यापेक्षाही उंच होते. त्याला काठीचा आधार द्या. फुले खालून वर उमलत जातात. बोंडे वाळली, की आतल्या चपट्या बिया काढून ठेवा. थोड्या शेजाऱ्यांनाही द्या. मधमाश्या एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेतात. त्यामुळे पुढच्या वर्षी कदाचित नवाच रंग दिसेल!

स्वाध्याय
१. गुलखैरूचे बी जागेवरच का पेरावे?
२. तुमच्या घरी कोणते पाणी झाडांसाठी पुन्हा वापरता येईल?