मंडई आणि जलक्रीडा उद्यान

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील गावे आपापला दिवस ठरवून मंडई भरवितात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे उतरतात. दिवसा दंडार, जिलेबीची दुकाने, तळ्यातले शिंगाडे आणि आकाशपाळणा, रात्री नाटक. सहकुटुंब करमणुकीची आमची पहिली ओळख ही अशी.

लोखंडी आकाशपाळण्याला जगभर कीर्ती मिळाली ती १८९३ साली. शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने सुमारे ८० मीटर उंचीचे चक्र उभारले होते. पुढे १९५५ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. आईबापांनीही मुलांबरोबर खेळावे, ही त्यामागची कल्पना. आपल्या देशात १९८४ साली दिल्लीला अप्पूघर सुरू झाले, ते २००८ मध्ये बंद पडले. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आणि १९९८ साली शेजारीच वॉटर किंगडम आले. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे.

जलक्रीडा उद्यानाचे शास्त्र सोपे आहे. घसरगुंडीच्या माथ्यावर पंपाने पाणी चढवितात. पाण्याच्या पातळ थरामुळे घर्षण कमी होते आणि उंचीवरील स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. तेच पाणी गाळून, त्यात क्लोरीन मिसळून पुन्हा वापरतात. सुती कपड्यांचे धागे गाळणीत अडकतात, मोकळा पदर घसरगुंडीत गुंतून अपघात होऊ शकतो. म्हणून तेथे नायलॉनचा पोशाख लागतो. नियम योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ मला उशिरा कळला.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्या आनंदात मामांनी मागच्या उन्हाळ्यात आम्हा सर्वांना नागपूरकडच्या एका जलक्रीडा उद्यानात नेले. आईचेही तिकीट काढले होते. परंतु तो पोशाख घालून चारचौघांत जाणे तिच्याने झाले नाही. रोवणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलपाण्यात दिवसभर वाकून राबणारी माझी आई, त्या निळ्या पाण्यापासून दहा हातांवर, आमच्या चपला व पिशव्या राखीत कोरडी बसून राहिली.

मंडईतला पाळणाही आई खालूनच पाहते, हे कबूल केले पाहिजे. पण तेथे तिला मावशी भेटते, बालपणीच्या मैत्रिणी भेटतात, रात्रभर ती नाटक पाहते. मंडईत तिच्या वाट्याचे काही असते. उलटपक्षी, उद्यानात पाण्याकाठी जीवरक्षक उभा असतो. मंडईतल्या पाळण्याचे नटबोल्ट रोज कोण तपासतो, हे आपण विचारीतही नाही. तेव्हा दोघांनीही एकमेकांपासून शिकावे. मंडईने सुरक्षिततेची शिस्त घ्यावी. उद्यानांनी अंगभर पोशाख, स्त्रियांसाठी राखीव वेळ आणि वडीलधाऱ्यांसाठी सावलीची बैठक द्यावी.

परतताना बसमध्ये आईने हळूच विचारले, “थंडा होता का गा पानी?” हे विचारण्याची पाळी तिच्यावर आली नसती, तर ते उद्यान खऱ्या अर्थाने कुटुंबाचे झाले असते.