नाव एक, माप दोन : लॅपटॉप व डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचा हिशेब

व्यापारात मालाचे नाव वेगळे आणि मालाचे माप वेगळे. किलोऐवजी नऊशे ग्रॅम साखर दिली तर गिऱ्हाईक लगेच काट्याकडे बोट दाखवते. संगणकाच्या बाजारात मात्र नावालाच माप समजून पैसे मोजणारी गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. आम्हीही त्यांतलेच.

फोंडाघाटच्या बाजारात आमचे फोटो स्टुडिओचे लहानसे दुकान आहे. लग्नाचे शूटिंग करायचे आणि त्याचे एडिटिंग करून द्यायचे, हा मुख्य धंदा. २०२३ च्या अखेरीस कर्ज काढून आम्ही एक लॅपटॉप घेतला. कणकवलीच्या एका व्यवसायबंधूकडे डेस्कटॉप होता आणि त्यातील ग्राफिक्स कार्डाचे नाव होते आरटीएक्स ४०७०. आमच्या लॅपटॉपवरही तेच नाव पाहून आम्ही निर्धास्त झालो. पुढच्या मे महिन्यात लग्नसराईची कामे आली. त्यांच्याकडे संध्याकाळी लावलेले काम रात्री जेवणापर्यंत उरकायचे, आमच्याकडे तसलेच काम पहाटेपर्यंत चाले. दोन गिऱ्हाइकांना दिलेली तारीख चुकली. दुकानदाराने सांगितले नाही हे खरे, पण आम्ही विचारले नाही हेही तितकेच खरे. ठेच आम्हाला लागली, निदान वाचक बंधूंनी तरी सावध व्हावे म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

ग्राफिक्स कार्डाचे माप तीन आकड्यांत असते. पहिला आकडा कोअरचा; कोअर म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात. दुसरा मेमरीचा, मेमरी म्हणजे काम पसरायला मिळणारी जागा. तिसरा वॅटचा, म्हणजे या हातांना मिळणारी वीज.

आता ताळा पाहा. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५,८८८ कोअर, १२ जीबी मेमरी आणि २०० वॅट. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोअर, ८ जीबी मेमरी आणि ३५ ते ११५ वॅट. आतली चिपच निराळी आहे. याउलट ४०६० मध्ये दोन्हीकडे ३,०७२ कोअर व ८ जीबी मेमरी आहे. डेस्कटॉपला ११५ वॅट, तर लॅपटॉपला ३५ ते ११५. म्हणजे पुरेसे वॅट मिळाले तर लॅपटॉपचे ४०६० डेस्कटॉपच्या बरेच जवळ जाते. सर्वांत मोठी तफावत वरच्या किमतीच्या मालात आहे. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोअर व ४५० वॅट. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर व जास्तीत जास्त दीडशेच्या आसपास वॅट. हे ९,७२८ कोअर डेस्कटॉपच्या ४०८० इतकेच आहेत. २०२५ साली आलेल्या ५०९० मध्येही तीच गोष्ट : डेस्कटॉपला २१,७६० कोअर, लॅपटॉपला १०,४९६.

हे नेहमीच असे नव्हते. पूर्वी एनव्हिडिया कंपनी लॅपटॉपच्या कार्डाच्या नावापुढे ‘एम’ अक्षर लावीत असे. २०१६ साली ते अक्षर गेले आणि तेव्हा त्याला आधारही होता. त्या वर्षीच्या जीटीएक्स १०८० मध्ये लॅपटॉप असो वा डेस्कटॉप, कोअर २,५६० च होते आणि डेस्कटॉपचे कार्ड १८० वॅटचे होते. पुढे डेस्कटॉपचे वॅट ४५० वर गेले. लॅपटॉपचे शरीर मात्र पातळच राहिले. तेव्हापासून नाव एक आणि माप दोन असा प्रकार वाढला. केवळ अक्षरावरही विसंबू नये. एएमडी कंपनीच्या आरएक्स ६८०० एम या नावात ‘एम’ आहे, तरी डेस्कटॉपच्या ६८०० मध्ये ३,८४० कोअर आणि यात २,५६०, एवढे अंतर ते एक अक्षर कसे सांगणार?

वॅट निम्मे म्हणून काम निम्मे, असे मात्र समजू नये. चिप जितकी जोरात पळवावी तितका शेवटच्या थोड्या वेगासाठी विजेचा खर्च भरमसाट वाढतो. म्हणून कमी वॅटची चिपही बऱ्यापैकी काम देते. खरी अडचण उष्णतेची आहे. आमच्या बाजारातल्या सपाट रस्त्यावर कोणताही टेम्पो झोकात धावतो. त्याची परीक्षा भरला माल घेऊन दाजीपूरकडे घाट चढताना होते. लॅपटॉपचेही तसेच. दुकानात पाच मिनिटे चालवून दाखवला तेव्हा तो वेगवान वाटला. तासभर सतत काम दिल्यावर तापला आणि आपणहून मंदावला.

आणखी एक गोष्ट आम्ही अनुभवाने शिकलो. नुसते तुकडे कापून जोडून व्हिडिओ फाइल काढायची असेल तर फरक फारसा जाणवत नाही, कारण त्या कामासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो. रंग सुधारणे, अंधारातल्या चित्रीकरणाचे दाणे घालवणे, ४के चित्रावर इफेक्ट देणे, अशा वेळी कोअर आणि मेमरी दोन्ही कमी पडतात.

खरेदीला जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) नाव ऐकून थांबू नये. कोअर, मेमरी आणि वॅट हे तिन्ही आकडे विचारावेत. एकाच नावाच्या कार्डाचे दोन लॅपटॉप वॅटमुळे वेगळे ठरतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये हा आकडा दुकानातच पाहता येतो.

२) शक्य असल्यास आपलेच एखादे काम पेनड्राइव्हवर नेऊन अर्धा तास चालवून पाहावे.

३) बॅटरीवर कार्डाचा वेग खूप उतरतो. पावसाळ्यात वीज गेली तर लॅपटॉप बंद पडणार नाही, पण जड काम रेटणारही नाही. डेस्कटॉपला यूपीएसचा खर्च धरावाच लागतो.

४) लॅपटॉपची ग्राफिक्स चिप सहसा मदरबोर्डवरच डाख लावून बसवलेली असते. चार वर्षांनी नुसते कार्ड बदलता येत नाही, डेस्कटॉपमध्ये येते.

ज्याला मालवण, देवगड असे फिरून जागच्या जागी काम दाखवायचे आहे, त्याने लॅपटॉप जरूर घ्यावा. ज्याचे काम दुकानात बसून चालते, त्याला त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक काम देईल. आम्ही लॅपटॉप विकला नाही. तो शूटिंगच्या ठिकाणी जातो, आणि कर्जाचे हप्ते फिटल्यावर आता दुकानात डेस्कटॉप आला आहे. विक्रेता बंधूंना एवढीच विनंती, की बिलावर कार्डाच्या नावाशेजारी वॅटचा आकडाही लिहावा. आम्ही दुसऱ्या खेपेस तो लिहून घेतला. दुकानदाराने का म्हणून विचारले, आम्ही सांगितले, आणि त्यानेही तो आनंदाने लिहून दिला.