महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप : प्रयोजन ओळखून निवड

वसतिगृहाच्या शिस्तीत वाढलेला आपला विद्यार्थी बारावीनंतर अमरावती, अकोला किंवा पुण्यास जातो, तेव्हा शुल्क आणि खोलीभाडे यांच्याबरोबर आता लॅपटॉपचाही प्रश्न घरात उभा राहतो. दर्यापूर परिसरात तो नेमका अडचणीच्या काळात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातील या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने बहुतेक घरांची भिस्त पावसाच्या पिकावर असते. जून-जुलैत बी-बियाण्याला पैसा लागतो आणि त्याच सुमारास प्रवेशही घ्यावा लागतो. कापसाचा पैसा मात्र दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर हाती येतो. म्हणून कोणता लॅपटॉप घ्यावा याइतकाच तो केव्हा घ्यावा, हाही विचाराचा विषय आहे.

बौद्ध परंपरेत भिक्खूने चीवर, अन्न, निवास आणि औषध या चार गोष्टींचा वापर प्रयोजनाचा विचार करून करावा, अशी शिकवण आहे. चीवर थंडी-उन्हापासून रक्षणासाठी, अन्न देहधारणेसाठी. मौजेसाठी वा शोभेसाठी नव्हे. हेच प्रत्यवेक्षण लॅपटॉपलाही लागू करावे. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या विद्यार्थिदशेत पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमवले, ते कपाट सजविण्यासाठी नव्हे, अभ्यासासाठी. साधनावरील खर्च अभ्यासाच्या कारणी लागला, तरच तो सार्थ होतो.

पहिला विचार अभ्यासक्रमाचा. कला, वाणिज्य, विधी किंवा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला लेखन, वाचन, तक्ते आणि ऑनलाइन व्याख्याने एवढेच काम असते. त्याला इंटेल आय-३ किंवा रायझन-३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पुरेशी होते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी आय-५ किंवा रायझन-५ आणि १६ जीबी रॅम असावी. स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीत त्रिमितीय आराखड्यांचे काम वाढले की स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज पडू शकते. पण ती बहुधा पुढील वर्षांत, पहिल्याच सत्रात नव्हे. वैद्यकीय किंवा परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्याचे आरंभी पुस्तकांवर आणि मोबाइलवर भागू शकते. म्हणून प्रवेशापूर्वी खरेदी करू नये. वर्ग सुरू झाल्यावर प्राध्यापकांना आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारावे, महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचा उपयोग करावा आणि शक्य तर दिवाळीपर्यंत थांबावे.

दुसरा विचार आयुष्याचा. लॅपटॉप तीन-चार वर्षे टिकावा लागतो. साठवणीसाठी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क नको, एसएसडीच हवी; तिच्यामुळे यंत्र झटकन सुरू होते आणि हलत्या भागांअभावी प्रवासातील धक्केही अधिक सोसते. काही सडपातळ लॅपटॉपांत रॅम कायमची जोडलेली असते, ती पुढे वाढविता येत नाही. हा प्रश्न विक्रेत्याला आधीच विचारावा. वजन दीड किलोच्या आसपास असावे, कारण ते रोज पाठीवर वाहायचे आहे. सेवा केंद्र जवळच्या शहरात आहे का, हेही पाहावे. पावती विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावे घेऊन तीवर यंत्राचा अनुक्रमांक नोंदवून घ्यावा.

वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा नाही. मात्र पारख हवी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ‘आय-५-८२५०यू’ अशा नावात शेवटच्या आडव्या रेघेनंतरचा ८ हा पिढीचा आकडा असतो. तो पाहूनच व्यवहार करावा. बॅटरी किती वेळ टिकते, कळफलकाची प्रत्येक कळ चालते का, पडदा निर्दोष आहे का, हे तासभर बसून तपासावे. त्याहून जुने यंत्र हाती असेल, तर त्यावर उबुंटू ही मोफत प्रणाली आणि लिब्रे ऑफिस वापरून लेखनाचे काम उत्तम होते.

तिसरा विचार पैशाचा. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणून सांगितले तरी प्रक्रिया शुल्क किती आणि रोख घेतल्यास किंमत किती, याची तुलना करावी. शैक्षणिक कर्ज घ्यायचेच असेल, तर अभ्यासक्रमासाठी आवश्यक संगणकाचा खर्च त्यात धरता येतो का, हे बँकेत आधीच विचारावे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत तशी तरतूद आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मिळणारी रक्कम भोजन, निवास आणि निर्वाहासाठी असते. ती हप्त्यात घालणे म्हणजे लॅपटॉपसाठी मुलाने किंवा मुलीने उपाशी राहणे होय. तसे होऊ देऊ नये.

घरात मुलगा आणि मुलगी दोघेही शिकत असतील, तर लॅपटॉप आपोआप मुलाच्या वाट्याला जाऊ नये. ज्याचा अभ्यास त्यावर अडतो, त्याला तो आधी मिळावा. आणि मित्राकडे महागडा आहे म्हणून आपल्याकडेही तसाच हवा, ही इच्छा मनात आली तर विद्यार्थ्याने स्वतःच तिची चिकित्सा करावी. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, ही कालामांना दिलेली शिकवण दुकानातही उपयोगी आहे.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. नोकरीच्या ठिकाणी नवे यंत्र घेतल्यावर आपला जुना, चालू स्थितीतील लॅपटॉप कपाटात पडू देऊ नका. त्यातील खासगी माहिती पूर्णपणे पुसा, बॅटरी तपासा, चार्जर सोबत ठेवा आणि तो शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्या. पेरणीच्या दिवसांत एका घरावरचे कर्ज त्यामुळे टळेल. दान पारमितेचा याहून साधा आणि उपयोगी अभ्यास क्वचितच सापडेल.