क्षयजंतू औषधांना का जुमानत नाहीत?

औषधच क्षयजंतूला प्रतिकार शिकविते, हा समज बरोबर नाही. जंतूंची वाढ होताना त्यांच्या जनुकांत आपोआप बदल घडतात. साधारणतः दहा कोटींत एखादा जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नाही. आणि फुप्फुसातील एका पोकळीत एवढे जंतू सहज असतात. एकट्या औषधाने इतर मरतात, हा उरतो व वाढतो. दोन औषधांतून एकदम निसटणारा मात्र अतिदुर्मिळ. म्हणूनच औषधे एकत्रित द्यावयाची. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे जे पहिले चार रुग्ण नोंदविले, त्यांतील बहुतेकांना औषधे देखरेखीविना, एकेक करून दिली गेली होती. असा जंतू हवेतून पसरतो. पिंगळीसारख्या गावात क्षयाची गोळी कधीच न घेतलेल्यासही तो गाठू शकतो. रिफॅम्पिसिन निष्प्रभ करणारा जनुकबदल सीबीनॅट तपासणीत सुमारे दोन तासांत कळतो. ती उपचाराच्या आरंभीच व्हावयास हवी.