धुळे मागे पडले की धुळ्याची हद्द बदलली?

प्रश्न : आमच्या घरात जुना वाद आहे. आजोबा म्हणायचे, धुळे आणि जळगाव तोडीस तोड होते. आता जळगाव कितीतरी पुढे गेले म्हणतात. जिल्हा उत्पन्नाच्या आकड्यांवरून याचा निकाल लावता येईल का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : लावता येईल, पण आजोबांचे धुळे आणि आजचे धुळे एक नाही, हे आधी ध्यानात घ्या. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचे जळगाव. त्याची हद्द बऱ्याच अंशी टिकून आहे. पश्चिम खानदेशाचे, म्हणजे जुन्या धुळे जिल्ह्याचे, १ जुलै १९९८ रोजी दोन तुकडे झाले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. १९९१ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्यात सुमारे २५ लाख ३६ हजार लोक होते, २००१ मध्ये १७ लाख ८ हजार. साथ आली नाही, कुणी गाव सोडले नाही. फक्त हद्द सरकली. जिल्ह्याचे एकूण उत्पन्नही तसेच कागदावर घटते.

दरडोई उत्पन्नाचे गणित आणखी फसवे. गेलेल्या भागात शहाद्याची ऊस-केळीची काळी जमीन होती, तशीच अक्राणी-अक्कलकुव्याची सातपुड्यातली गरीब आदिवासी गावेही होती. सरासरीपेक्षा कमी मिळकतीचा भाग वेगळा काढला की उरलेल्यांची सरासरी वर चढते. साक्री किंवा शिंदखेड्यातल्या शेतकऱ्याच्या हाती एक रुपयाही जास्त न येता धुळे 'सुधारलेले' दिसू शकते. म्हणून १९९८ च्या आधीपासून तुलना करायची तर पुढच्या वर्षांसाठी धुळे आणि नंदुरबारची बेरीज करा आणि ती जळगावशेजारी ठेवा. याला पर्याय नाही.

बेरीज केल्यावर लोकसंख्येने भागा. २०११ मध्ये जळगावात ४२ लाख ३० हजार लोक होते, आजच्या धुळ्यात २० लाख ५१ हजार. दुप्पट माणसांच्या जिल्ह्याचे एकूण उत्पन्न मोठे असणारच, त्यात पराक्रम कसला?

मग भावाचा प्रश्न येतो. रावेर-यावलच्या केळीला एखाद्या वर्षी दुप्पट भाव मिळाला, तर चालू किमतींत जळगावचे उत्पन्न फुगते, घड मात्र तेवढेच कापलेले असतात. खरी वाढ पाहायची तर स्थिर किमतींचे, म्हणजे एका ठरावीक (पायाभूत) वर्षाच्या भावांनी मोजलेले आकडे घ्या. तेही एकाच पायाभूत वर्षाचे हवेत. २००४-०५ ची मालिका आणि २०११-१२ ची मालिका सरळ जोडू नका. शिवाय दुष्काळी वर्षापासून सुरुवात केली तर कोणताही जिल्हा धावताना दिसतो. तीन-चार वर्षांची सरासरी घेतलेली बरी.

एवढे करूनही जळगावचे पारडे जड दिसले, तर त्याची मुळे फार जुनी आहेत असे मला वाटते. १८६० च्या दशकात मुंबईहून आलेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला गेला. धुळे शहराला १९०० साली चाळीसगावहून फाटा मिळाला, मुख्य मार्ग नाही. भुसावळचे जंक्शन, दिल्लीला जाणारी केळी, पुढे दीपनगरचे वीजकेंद्र आणि जळगावचा ठिबक सिंचनाचा उद्योग, हे सारे त्याच पट्ट्यात उभे राहिले. धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्ग होता, पण मालगाडीची बरोबरी त्याने केली नाही. धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राची मंजुरी मिळाली ती २०२४ मध्ये.

आणि जिल्हा उत्पन्न जिथे निर्माण होते तिथे मोजले जाते, माणूस जिथला असतो तिथे नाही. नवापूर-नंदुरबारकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांनी तोडलेल्या उसाचे मोल गुजरातच्या खात्यात पडते. ते घरी आणतात ती मजुरी जिल्ह्याच्या आकड्यांत सापडणार नाही.